तांदळाच्या डब्यातल्या पाटल्या

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. मागच्या दोन-तीन भागांपासून तुमच्यापैकी बरेच जण म्हणत होते की स्मृतिभ्रंशावर, म्हणजे डिमेन्शियावर बोला. मी टाळत होते. का टाळत होते ते कळेलच.

माझी आई साताऱ्याला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं, गणित हा तिचा हातखंडा. बाबा गेल्यावर ती एकटीच. घरकामाला एक मावशी यायच्या, नऊ वर्षं. एका दुपारी आईचा फोन आला, "हिने माझ्या पाटल्या नेल्या." मी पुण्याहून निघाले, संध्याकाळी पोचले. कपाट पाहिलं, पाटल्या नव्हत्या. आई इतकं ठामपणे बोलत होती की मला शंका घ्यायचं सुचलंच नाही. मावशींना म्हटलं, उद्यापासून येऊ नका. वर महिन्याचा पूर्ण पगार हातात ठेवला, म्हणजे मी केवढी मोठ्या मनाची! त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, एकदा घरात नीट बघा." मी बघितलं नाही.

चार महिन्यांनी तांदळाला पोरकिडे झाले म्हणून डबा उपसला. तळाशी जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेल्या पाटल्या, आणि सोबत बँकेचं पासबुक.

आई खोटं बोलत नव्हती, ही गोष्ट मला डॉक्टरांनी समजावून सांगावी लागली. कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. आत्ता घडलेलं नोंदवून ठेवणं हे त्याचं मुख्य काम. अल्झायमरमध्ये हा भाग अगदी सुरुवातीला बिघडतो. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुलं नावानिशी आठवतात आणि सकाळचा चहा झाला की नाही ते आठवत नाही. आता आईच्या जागी उभं राहून बघा. चोरीच्या धास्तीने तिने पाटल्या सुरक्षित जागी हलवल्या. हलवल्याची नोंद झालीच नाही. मग तिच्या दृष्टीने पाटल्या कपाटात होत्या, आता नाहीत, आणि घरात येणारं माणूस एकच. गणित बरोबर आहे हो, फक्त मधली एक पायरी गळली आहे.

आणि हे काही आमच्याच घरचं नाही. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर या डॉक्टरांकडे ऑगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली, वय ५१. तिच्याबद्दल त्यांनी काय लिहून ठेवलंय? आधी नवऱ्यावर संशय, मग विसर, घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवणं. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या मधे साठलेला गाळ आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी दिसल्या. त्यावरून पुढे आजाराला नाव मिळालं. वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. शंभर वर्षांपूर्वीची जर्मन बाई आणि माझी आई, दोघींची लक्षणं हुबेहूब.

एक घोळ इथेच मिटवू या. डिमेन्शिया आणि अल्झायमर एक नव्हे. ताप आणि मलेरिया जसे. डिमेन्शिया म्हणजे स्मरण, विचार, भाषा, व्यवहार यांची रोजचं जगणं अडेल इतकी घसरण. तिची कारणं अनेक, त्यातलं सर्वांत मोठं अल्झायमर, साधारण ६० ते ७० टक्के. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यानेही होतो, इतरही प्रकार आहेत. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त.

आपल्याकडे यावर एक म्हण तयारच आहे, साठी बुद्धी नाठी. मला या म्हणीचा राग येतो. तिच्यामुळे आमची दोन वर्षं गेली. आई भाजीला दोनदा मीठ घालायची, विजेचं बिल भरल्यावर पुन्हा भरायला जायची, भिशीचा हिशोब चुकायला लागला. गणिताच्या बाईंचा हिशोब चुकतोय, आणि आम्ही म्हणतोय, वय झालं! कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरणं वेगळं, आणि कुकर कसा लावायचा हेच न सुचणं वेगळं. दुसरं दिसलं की डॉक्टर गाठा.

लवकर जायचं आणखी एक कारण. प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-१२ कमी असेल, थायरॉइड मंदावलं असेल, नैराश्य असेल, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं असेल, तर उपचारांनी फरक पडू शकतो. आणि काल-परवापर्यंत ठीक असलेलं माणूस एका-दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलं तर थांबू नका. लघवीच्या जंतुसंसर्गानेसुद्धा म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. आईचं बी-१२ कमी निघालं तेव्हा आम्ही केवढे खूश झालो! इंजेक्शनं दिली, थकवा गेला. विसर राहिला.

तपासणीत डॉक्टरांनी तिला तारीख विचारली. आई म्हणाली, "का, तुमच्याकडे कॅलेंडर नाही वाटतं?" सगळे हसले. मग घड्याळ काढायला सांगितलं. बाराही आकडे तिने उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले, डावी बाजू कोरी. तेव्हा कोणी हसलं नाही.

औषधांबद्दल स्पष्ट सांगते. डोनेपेझिल, मेमॅन्टीन ही औषधं काहींना काही काळ उपयोगी पडतात, आजार थांबवत नाहीत. नवी इंजेक्शनं आली आहेत, सुरुवातीच्या टप्प्यात थोडा वेग कमी करतात, पण मेंदूत सूज, रक्तस्राव यांचा धोका असतो, म्हणून वारंवार एमआरआय. कुणी 'पूर्ण बरं करतो' म्हणालं तर पैसे पाकिटातच ठेवा.

रोजचं म्हणाल तर आम्ही वाद घालणं सोडलं. "कोणी नेलं नाही, तूच ठेवलंस" हे म्हणून काहीही होत नाही, तिला फक्त अपमान कळतो. आता म्हणतो, "हो का? चल, शोधू या दोघी." शोधता शोधता ती दुसरंच काही बोलायला लागते. तिच्या लपवायच्या जागा ठरलेल्या आहेत: तांदूळ, उशीचा अभ्रा, देवघराचा खण. कचरा टाकण्याआधी पिशवी उघडून बघतो. खरे दागिने लॉकरमध्ये, हातात बेन्टेक्सच्या पाटल्या. हे फसवणं आहे का, असं भाऊ विचारतो. असेल. रात्री ती झोपते.

मावशींकडे मी गेले होते, पाटल्या सापडल्या त्याच आठवड्यात. दारातच उभी राहून सांगितलं की चूक माझी होती. त्यांनी पाणी दिलं. कामावर परत या म्हटलं तर नाही म्हणाल्या. त्यांना दुसरं काम मिळालं होतं, पण मधले दोन महिने ते मिळालं नव्हतं, कारण गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. हेही त्यांनीच सांगितलं, शांतपणे. मग मी आमच्या गल्लीत घरोघर जाऊन पाटल्या सापडल्याचं सांगितलं. आठ घरं. एका घरी म्हणाले, "बरं झालं, पण सांगायला कशाला आलात?"

आता आईकडे नव्या बाई येतात. पहिल्याच दिवशी त्यांना बसवून सगळं सांगितलं, की आई कधीतरी तुमच्यावर आळ घेईल, तेव्हा मला फोन करा, मी तुमच्या बाजूने आहे. गेल्या महिन्यात दोनदा फोन आला.

पुढच्या भागात रात्रीच्या जागरणांबद्दल बोलू, संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" का सुरू होतं त्याबद्दल. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७, लिहून ठेवा. भेटू.