बालकाचे सुख मोजताना



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी काहीसा विचित्र वाटेल. ताप मोजता येतो, वजन मोजता येते. पण दीर्घकाळ आजारी असलेल्या पाच-सहा वर्षांच्या बालकाचे जगणे कसे चालले आहे, हे मोजता येईल काय? आणि मोजायचेच झाले, तर ते सांगायचे कोणी?

एक उदाहरण घेऊ. थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे तीव्र स्वरूप ज्या मुलाच्या वाट्याला येते, त्याला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्ताबरोबर शरीरात साचणारे लोह काढून टाकण्यासाठी निराळे औषध लागते. पूर्वी ते छोट्या पंपाला जोडलेल्या सुईने, आठवड्यातील बहुतेक रात्री, आठ ते बारा तास त्वचेखाली सोडावे लागे. आता तोंडाने घ्यावयाची औषधेही मिळतात. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आहे असे दिसले, की डॉक्टरांचे समाधान होते. परंतु शाळेचा बुडालेला दिवस, सुईची धास्ती, सवंगड्यांच्या खेळात मागे पडणे, यांची नोंद रक्ताच्या अहवालात कोठेच नसते.

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, हा विचार जागतिक आरोग्य संघटनेच्या, १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेतच आहे. त्याच सुमारास कर्करोगाच्या रुग्णांसाठी कार्नॉफ्स्की यांची श्रेणी प्रचारात आली. रोगी आपले नित्याचे काम करू शकतो की नाही, हे तीत डॉक्टर ठरवीत. पण बालकाचे काम कोणते? लान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याचे मार्मिक उत्तर दिले: खेळ. मूल कितपत खेळते, यावरून आईवडिलांनी शंभरपैकी गुण द्यावयाचे. मात्र यातही मूल स्वतः मुकेच राहिले.

पुढे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीचे रूप २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत शरीर, भावना, सोबती आणि शाळा यांविषयी २३ प्रश्न आहेत. पाच ते सात वर्षांच्या मुलाला प्रश्न वाचून दाखवितात आणि ते तीन चेहऱ्यांच्या चित्रांपैकी एकावर बोट ठेवते. त्याहून लहान मुलांबाबत मात्र पालकांच्याच शब्दावर विसंबावे लागते.

येथेच खरा पेच आहे. त्याच वर्षी क्रिस्टीन आयझर व त्यांच्या सहकारी मोर्स यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. चालणे-धावणे यांसारख्या दिसणाऱ्या गोष्टींबाबत पालक व मुले यांची उत्तरे बरीच जुळतात. मनातील दुःख आणि मैत्री यांबाबत ती तितकी जुळत नाहीत, असे त्यांना आढळले. याचा अर्थ आई खोटे सांगते असा नव्हे. रात्रीची जागरणे, खर्चाची विवंचना, उद्याची भीती हे सारे तिच्या उत्तरात उतरते. मुलाला उद्याची तितकी चिंता नसते. त्याला आज पतंग उडवावयास मिळाला की नाही, हे महत्त्वाचे. म्हणून दोन्ही साक्षी घ्याव्यात आणि एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

अनुवादक या नात्याने मला आणखी एक अडचण दिसते. अशा प्रश्नावल्या बहुधा परदेशात जन्मतात. रस्त्याच्या एका चौकापासून दुसऱ्यापर्यंत चालण्याचा प्रश्न वाडीवस्तीवरच्या मुलाला कसा विचारावा? इंग्रजीत निळा रंग उदासीनतेचा द्योतक आहे. आपल्याकडे तो आकाशाचा आणि कृष्णाचा. शब्दशः भाषांतर केल्यास मूल गोंधळेल आणि तो गोंधळ आकड्यात उतरून शास्त्र म्हणून मिरवेल. यासाठी भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून ताडून पाहतात आणि थोड्या मुलांना विचारूनही पाहतात. ही दक्षता व्यर्थ नव्हे.

मित्रहो, कोणताही आकडा बालकाचे संपूर्ण सुख सांगू शकणार नाही. परंतु ज्याची नोंद होत नाही, त्याचा विचार उपचार ठरविताना सहसा होत नाही. सुईची वेळ बदलावी काय, रक्त देण्याचा दिवस शाळेच्या सुट्टीला जोडता येईल काय, असे साधे प्रश्न त्या नोंदीतूनच उभे राहतात. मोजमापाचा खरा उपयोग एवढाच, की त्या निमित्ताने कोणीतरी मुलाजवळ बसते, त्याला विचारते आणि त्याचे उत्तर लिहून घेते.