नेवाळीची धावपट्टी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दहावीला बाईंनी दुसरं महायुद्ध शिकवलं, तेव्हा पर्ल हार्बर, हिरोशिमा सगळं पाठ केलं. पण आपल्या कल्याणपासून आठ-नऊ किलोमीटरवर, मलंगगडाच्या रस्त्याला, त्याच युद्धातला विमानतळ आहे हे पुस्तकात नव्हतं.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. ४ एप्रिलला कॅनडाच्या ४१३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं एक कॅटलिना विमान श्रीलंकेच्या दक्षिणेला टेहळणी करत होतं. वैमानिक लिओनार्ड बर्चल. त्याला जपानी आरमार दिसलं. संदेश पाठवत असतानाच विमान पाडलं गेलं. नऊपैकी तिघे गेले, बाकीचे कैदी झाले. पण कोलंबो सावध झालं. दुसऱ्या दिवशी तिथे बॉम्ब पडले, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. युद्ध असं दारात आलं होतं. त्याच सुमारास नेवाळी-भाल भागातली शेतं सरकारने विमानतळासाठी घेतली.

कल्याणजवळ लष्करी छावणीही होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी कुटुंबं राहिली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आपण अजून 'कॅम्प नंबर तीन'च म्हणतो! पण छावणीत निदान माणसं वसली. नेवाळीला तेही झालं नाही.

मलंगगडाची आपली सहल आठवते? येताना त्या धावपट्टीवर क्रिकेट खेळलो. मी म्हणालो, "काय फुकटचं मैदान आहे रे!" आपला भालचा मित्र क्षेत्ररक्षण सोडून जवळ आला. म्हणाला, "तू उभा आहेस ना, तिथे आमच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं." आम्ही हसलो. त्याला 'जमीनदार' म्हणायला लागलो, शाळा सुटेपर्यंत.

लढाई संपली की जमीन परत मिळेल असं सांगितलं होतं, असं गावकरी म्हणतात. मोकळ्या भागात ते वर्षानुवर्षं भात लावत राहिले. पुढे नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ ला तिथे आंदोलन पेटलं. दगडफेक, जाळपोळ, पोलीस आणि शेतकरी दोघेही जखमी. टीव्हीवर ते बघताना मला बातमी कळेना, ते खाचर आठवत होतं. फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "घरी आहे. पोरं सुखरूप आहेत."

आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय. ते टोपणनाव मीच पाडलं होतं, मित्रा. चारचौघांत पाडलं, म्हणून चारचौघांतच माफी मागतो. आजोबांचे जुने कागद तू पिशवीतून आणले आहेस, ते जेवणानंतर मला दाखव.