नातीच्या फोटोची तयारी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



"सहा महिने अमेरिकेत राहून आलात, तिकडचे काही सांगा," असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. नायगाऱ्याचे आणि उंच इमारतींचे वर्णन आपण पुष्कळदा ऐकले आहे; म्हणून मी आज घरातलीच गोष्ट सांगणार आहे. ती आहे माझ्या नातीच्या एका फोटोची.

माझी लेक न्यू जर्सीत असते. तिची मुलगी हायस्कुलाच्या शेवटच्या, म्हणजे बारावीच्या वर्गात गेली. या वर्गातल्या मुलांना तिकडे 'सीनियर' म्हणतात. प्रत्येक सीनियरचा स्वतंत्र फोटो काढतात व तो शाळेच्या 'इयरबुका'त छापतात. आपल्याकडे निरोपसमारंभाला सारा वर्ग बाकांवर उभा करून एकच फोटो काढतात आणि कोणाचे डोके कोणामागे गेले ते आपण जन्मभर शोधत बसतो! तिकडे प्रत्येकाला स्वतःची चौकट. ही चाल जुनी आहे. १८६०च्या सुमारास बॉस्टनजवळचा जॉर्ज वॉरन नावाचा छायाचित्रकार कॉलेजातल्या मुलांचे एकेकट्याचे फोटो काढी. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. मुले त्या विकत घेऊन आल्बम बांधून घेत. पुढे छापखान्यात फोटो छापता येऊ लागले, तेव्हा आल्बमाचे पुस्तक झाले.

तर नातीला पत्र आले. शाळेने नेमलेल्या फोटोग्राफरकडे अमुक दिवशी अमुक वेळी हजर राहा. शेवटची तारीख चुकली, तर पुस्तकात फोटोऐवजी नुसते नाव येईल. त्या शाळेत मुलींनी खांद्यांवरून काळे मखमली वस्त्र घ्यायचे, मुलांनी काळा कोट व बो, दोन्ही फोटोग्राफरकडचेच. मला हे फार आवडले. चौकटीत बसल्यावर कोणाच्या बापाचा पगार किती, ते कळत नाही. नंतर स्वतःच्या कपड्यांतही फोटो काढता येतात. त्याचे पैसे निराळे.

पत्रासोबत सूचनांचा कागद होता. त्यातल्या काही तुमच्याही उपयोगाच्या आहेत. केस कापायचे तर आठदहा दिवस आधी कापावे, म्हणजे ते बसतात. नवे क्रीम आदल्या दिवशी तोंडाला लावून पाहू नये. पुरळ उठले तर उपाय नाही. बारीक रेघांचा कपडा टाळावा, कारण कॅमेऱ्यात त्या रेघांच्या लाटा दिसतात. चष्मा रोजचा असेल तर काढू नये. मान जराशी खाली केली की काचेवरचा उजेड जातो. आणि रात्री वेळेवर झोपावे. ही शेवटची सूचना मात्र नातीने पाळली नाही!

कागदाच्या तळाशी दोन चौकोन होते: चेहऱ्यावरचे डाग, वण काढून टाकायचे का? कातडीचा रंग एकसारखा करायचा का? माझी नात सावळी आहे. तिच्या भुवईवर एक वण आहे. चार वर्षांची असताना आपल्याच घराच्या उंबरठ्यावर पडली होती, त्याचा. मी लेकीला सहज म्हणाले, "दोन्हीकडे खूण कर. जन्माचा फोटो आहे."

लेक गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आई, माझ्या लग्नासाठी काढलेला फोटो आठवतो? तू स्टुडिओत सांगून उजळ करून घेतला होतास. पाहायला आलेल्या बाई म्हणाल्या, 'फोटोत उजळ दिसत होती.' मी पोह्यांची बशी हातात घेऊन उभी होते."

पंचवीस वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. भगिनींनो, मी तो फोटो तिच्या भल्यासाठीच उजळ करवला होता. पण जिचे भले करायचे, तिच्याच चेहऱ्याला मी कमी लेखले, हे मला त्या दिवशी सातासमुद्रापलीकडे कळले.

दोष एकट्या आयांचा नाही. पूर्वी कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी फोटोच्या दुकानांना एका गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड देत असे. तिचा रंग नीट उतरला, की काम ठीक! सावळी माणसे त्यात काळवंडत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९०नंतरच्या दशकात आले. म्हणजे यंत्राचे मापही गोरेच होते आणि आमच्या मनातलेही.

शेवटी नातीनेच निकाल दिला. हनुवटीवर एक पुटकुळी उठली होती. ती म्हणाली, "आजी, ही आठ दिवसांत जाणार, तेव्हा काढू दे. वण आणि रंग माझ्याबरोबर राहणार आहेत. ते राहू देत." कागदावर तिने तसे लिहून दिले. फोटोग्राफरही समजूतदार निघाला. त्याने दिवा थोडा जवळ घेतला, आणि चेहरा उजळला तो उजेडाने.

तो फोटो आज मी सोबत आणला आहे. सभेनंतर जरूर पाहा. आता तर मोबाइलमध्येच चेहरा गोरा करण्याची सोय असते. आपल्या मुलीसुनांचे फोटो काढताना केस विंचरा, पदर नीट करा, उजेडाकडे तोंड करायला सांगा. त्यापुढे मात्र हात आवरा.

लेकीचा तो जुना फोटो अजून माझ्या कपाटात आहे. यंदा ती आली, की आम्ही दोघी स्टुडिओत जाऊन नवा काढणार आहोत. त्या दिवशी मी स्टुडिओत काहीही सांगणार नाही.