शाळेला काय द्यायचं?

(दहावी, मार्च २००० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'शाळेतील सुविधा आणि विद्यार्थ्यांची गुणवत्ता'. या विषयाला निमित्तही आहे. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आणि तो कशावर खर्च करायचा याची चर्चा आपल्या ग्रुपवर महिनाभर चालू आहे. कोणी प्रवेशद्वाराला कमान म्हणतं, कोणी डिजिटल वर्ग. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मी डिजिटल वर्गाच्या बाजूने बोलेन असं काहींनी गृहीत धरलं आहे. म्हणून माझं मत आज सगळ्यांसमोर मांडते.

या चर्चेत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं, "आपण पत्र्याच्या वर्गात शिकलो, आपलं काय अडलं?" खरं आहे. आज इथे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, उत्तम शेती करणारे आहेत, मेन रोडला दुकान सांभाळणारे आहेत. पण हे वाक्य आपण इथे आलेले लोक म्हणतो. पाचवीच्या हजेरीपटावर जी नावं होती आणि दहावीच्या हजेरीपटावर नव्हती, त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. टाकळीभान, उंदिरगाव, खोकर, हरेगाव या बाजूंनी एसटीने येणाऱ्या मुली आठवा. माझ्या बाकावर बसणारी एक मैत्रीण गणितात माझ्या पुढे होती. आठवीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. ती का आली नाही, हे तेव्हा आम्हा मुलींना माहीत होतं आणि आम्ही ते कोणाला सांगत नव्हतो.

माझ्या कामात रोज एक प्रसंग येतो. ग्राहक म्हणतो, "प्रणाली फार हळू चालते, मोठा सर्व्हर घ्या." आम्ही आधी मोजतो, की काम नेमकं कुठे अडतंय. अडत असतं एका जागी आणि पैसा खर्च होतो भलत्याच जागी. मग खर्च वाया जातो आणि वेग तेवढाच राहतो. शाळेच्या सुविधांबद्दलही मला हेच वाटतं. सुविधेने शिक्षण सुधारतं का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. मुलाचं शिकणं जिथे अडलं आहे तिथे ती सुविधा पोहोचली तरच फरक पडतो.

अडण्याच्या जागा तीन. पहिली, मूल शाळेपर्यंत पोहोचतं का? बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि हा फरक मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा अधिक लांबच्या गावांत दिसला. शालान्त परीक्षेला बसणाऱ्या आणि उत्तीर्ण होणाऱ्या मुलीही वाढल्या. सायकलने कोणाला बीजगणित शिकवलं नाही, तिने अंतर कमी केलं. आपल्याकडे ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाने, आणि आता आपल्या जिल्ह्यालाही त्यांचं नाव आहे. पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी नसेल तर पास दप्तरातच राहतो. शेवटचा तास अर्ध्यावर सोडून स्टँडकडे पळणारे आपल्यातले किती होते, हात वर करा म्हटलं तर निम्मा मांडव हात वर करेल.

दुसरी जागा, आलेलं मूल दिवसभर स्वस्थ बसू शकतं का? मी आज मुलींच्या वतीने मोकळेपणाने बोलते, सरांनी समजून घ्यावं. आम्ही घरून निघताना पाणी पीत नव्हतो आणि शाळेतही पीत नव्हतो, कारण नंतर जायचं कुठे हा प्रश्न असायचा. महिन्यातले चार दिवस तर कित्येक जणी घरीच राहायच्या. चार दिवस म्हणजे भूमितीचं एक प्रमेय, इंग्रजीचा एक धडा. वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. तेव्हा बहुतेक शाळांत हीच परिस्थिती होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते आठवीच्या शाळांसाठी मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय आणि मैदान बंधनकारक झालं, ते आपण दहावी झाल्यावर दहा वर्षांनी.

शिकागो विद्यापीठातल्या अंजली अदुकिया यांनी भारतातल्या शाळांमधल्या स्वच्छतागृहांचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलामुलींना कोणत्याही स्वच्छतागृहाचा फायदा झाला. वयात आलेल्या मुलींची पटसंख्या मात्र प्रामुख्याने स्वतंत्र स्वच्छतागृह बांधलं तिथेच वाढली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि तीही सांगायला हवी. स्वच्छतागृह बांधल्याने परीक्षेचे गुण वाढले नाहीत. मुली शाळेत आल्या, टिकल्या. पुढचं काम वर्गात व्हायचं होतं.

तेव्हा तिसरी जागा वर्गातली. इथे आपण सगळ्यात जास्त फसतो, कारण इथे विकत घेण्यासारख्या वस्तू फार आहेत. पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला. साधारण सव्वा वर्षानंतर गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. याउलट सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा पाहा. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये तिथे गेले तेव्हा शाळेच्या एका बाजूला गुरांचा गोठा होता. मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते आधी कन्नड शिकले. मग पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ज्यातून मुलांना कविता ऐकता येतील, धडा पाहता येईल. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तंत्रज्ञान दोन्हीकडे होतं. परितेवाडीत त्याच्या आधी एक शिक्षक होता, ज्याला आपल्या मुलांचं कुठे अडतंय हे माहीत होतं.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे.

पहिलं, काय हवं ते आपण ठरवण्याआधी शाळेला विचारू. मुख्याध्यापकांना विचारूच, पण आठवी-नववीच्या मुलींनाही विचारू, आणि ते आपल्यातल्या बायकांनी विचारावं. एसटीने येणाऱ्या मुलांना वेगळं विचारू.

दुसरं, निधीचा पहिला हक्क मुलींच्या स्वच्छतागृहाला आणि पाण्याला. बांधकाम करून थांबायचं नाही. सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा ते वर्षानुवर्षं चालू ठेवायला जास्त पैसा लागतो, हे मी वीस वर्षं पाहते आहे. स्वच्छतागृहाचंही तसंच. टाकीत पाणी, दाराला आतून कडी, सॅनिटरी पॅडची विल्हेवाट आणि रोजची सफाई करणाऱ्या माणसाचा पगार, हे नसेल तर वर्षभरात त्या दाराला कुलूप लागतं. म्हणून निम्मी रक्कम बँकेत ठेवू आणि तिच्या व्याजातून देखभाल करू. देखभालीवर आपल्या तुकडीच्या नावाची पाटी लावता येणार नाही. चालेल.

तिसरं, शाळा सुटल्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी एक अभ्यासिका. एक खोली, पंखे, चांगला उजेड, इन्व्हर्टर आणि कपाटाला कुलूप नसलेली पुस्तकं. आपण स्टँडवर घालवलेला तो तास त्यांना तरी वापरता येईल.

डिजिटल वर्ग त्यानंतर, आणि तोही शिकवणाऱ्या शिक्षकांनी मागितला तर. त्या वेळी मी स्वतः येऊन तो बसवून देईन, शिक्षकांबरोबर बसेन, बंद पडला तर पुण्याहून फोनवर उपलब्ध राहीन. हे सगळ्यांसमोर सांगते आहे, तेव्हा टाळता येणार नाही.

कमानीला माझा विरोध नाही. ती सरांच्या नावाने करायची आहे हे मला माहीत आहे आणि त्यामागची भावना माझीही आहे. पण सर, तुम्ही इथे बसला आहात म्हणून थेट विचारते. तुम्ही वर्गात आल्यावर आधी रिकामी बाकं मोजायचात, मग फळ्याकडे वळायचात. तुमच्या नावाने काही करायचं तर ती बाकं भरलेली राहतील असं काही करू या का? तुम्ही हो म्हणालात, तर ग्रुपवरची चर्चा आज संपेल.