पुढे पाऊल टाकणाऱ्याचे कसब



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मुष्टियुद्धावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत व वाचनालयात पुष्कळ झाले. तेथे एक सवय लागली : कोणाच्या कामाला कोणी नाव ठेवले, की ते काम आधी स्वतः नीट पाहायचे. आज एका माणसाचे काम आपण असेच पाहणार आहोत. हा माणूस २०११ साली वारला. त्याचे काम आता जुन्या चित्रफितींतच उरले आहे.

जो फ्रेझर हा अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाचा, गरीब शेतकरी कुटुंबात १९४४ साली जन्मलेला काळा मुलगा. लहानपणी त्याने गोणपाटात चिंध्या व मक्याची कणसे भरून ते झाडाला टांगले आणि त्यावर ठोसे मारण्याचा सराव केला. पुढे तो फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला लागला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी निवडलेल्या मल्लाचा हात दुखावला, म्हणून त्याच्या जागी फ्रेझर गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने महंमद अलीला हरविले. तोवर दोघेही व्यवसायी मुष्टियुद्धात अजिंक्य होते.

अली उंच, देखणा, चपळ आणि वाक्पटू. त्याच्या लढतीला लोक नृत्य म्हणत. फ्रेझरविषयी काय म्हणत? चिवट आहे, छाती मोठी आहे, मार खात खात पुढे जातो. १९७५ साली मनीला येथील लढतीपूर्वी खुद्द अलीने त्याला 'गोरिला' म्हणून हिणविले. अलीच्या थोरवीविषयी आमच्या मनात शंका नाही. पण थोर माणसाचे प्रत्येक वाक्य थोर असते असे नाही. फ्रेझरजवळ नुसती हिंमत होती की विद्याही होती, हा आजचा प्रश्न आहे.

साक्षीदार चित्रफीत आहे, तेव्हा आधी साक्षीदाराची उलटतपासणी करू. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चित्रे टिपली जात, आणि तीच फीत पुढे चोवीसच्या वेगाने दाखविली की माणसे बाहुल्यांसारखी झटके देत पळतात. जॅक डेम्प्सी याने १९१९ साली जेस विलार्ड या धिप्पाड मल्लाला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. ती फीत अशा वेगाने पाहणाऱ्याला डेम्प्सी पिसाळल्यासारखा वाटतो. त्याचा तोल आणि नेम दिसतच नाहीत. फ्रेझरच्या काळी वेगाचा हा दोष उरला नव्हता, दुसरा आला. पंचेचाळीस मिनिटांच्या झुंजीतून पाच मिनिटे कापून तीच फिरविली जातात. त्यांत पडणे-पाडणे तेवढे राहते आणि त्याआधीची मेहनत कात्रीखाली जाते. शिवाय वर्णन करणाऱ्याचा आवाज आपले मत आधीच बनवितो. म्हणून आमचे सांगणे असे की, झुंज सबंध पाहावी, आवाज बंद करून पाहावी, आणि पहिल्या वेळी ठोशांकडे पाहूच नये.

मग पाहावे कोठे? प्रथम पायांकडे. अली मागे सरे तेव्हा फ्रेझर त्याच्या पाठीमागे धावत नसे. खळ्यातून उधळलेल्या गोऱ्ह्यामागे शहाणा शेतकरी धावतो काय? तो तिरका जाऊन कुंपणाची फट अडवितो. फ्रेझरचे पाऊल असेच तिरके पडते. अली जेथे जाणार तेथे तो अर्धे पाऊल आधी असतो, आणि बघता बघता रिंगण लहान होऊन अलीची पाठ दोराला लागते.

दुसरे, डोक्याकडे. फ्रेझरची उंची सहा फुटांहून किंचित कमी, अलीची सहा फूट तीन इंच. हाताच्या पल्ल्यातही सुमारे पाच इंचांचा फरक. म्हणजे लांबून लढायचे तर प्रत्येक देवाणघेवाणीत फ्रेझरचा तोटा. मधली जागा ओलांडून आत शिरणे हा त्याच्या बाबतीत हिशेब होता. त्याला संताप म्हणणे चूक. ही जागा तो कशी ओलांडी? हनुवटी छातीशी, मुठी गालाशी, गुडघे व कंबर लवलेली, आणि डोके सारखे डावी-उजवीकडे डोलत असलेले. अलीचा सरळ ठोसा पुष्कळदा खांद्यावरून निघून जातो. प्रेक्षकाला लागलेला ठोसा दिसतो. न लागलेला कोण मोजतो? या विद्येचा अर्धा भाग तर न लागलेल्या ठोशांतच आहे.

आता मुख्य गोष्ट. डोके डावीकडे खाली गेले की शरीराचा भार डाव्या पायावर येतो, आणि वर उठताना तोच भार डाव्या हाताच्या वळत्या ठोशात, म्हणजे हुकात, उतरतो. चुकविणे आणि मारणे ही त्याची दोन कामे नव्हती, एकाच हालचालीची दोन टोके होती. विळ्याने कापणी करणारी बाई वाकते तेव्हाच तिचा पुढचा घाव तयार असतो, तसे हे.

तिसरे, प्रतिस्पर्ध्याच्या कोपरांकडे पाहावे. फ्रेझर आरंभी बरगड्यांवर व पोटावर मारी. त्या ठोशांना टाळ्या पडत नाहीत. पण सावकाराच्या व्याजासारखे ते फेरीगणिक चढत जातात. कोपरे बरगड्या झाकायला खाली आली की जबडा उघडा पडतो. १९७१ च्या झुंजीत अकराव्या फेरीत अली लटपटला आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकाने पाठीवर पडला. तो लगेच उठला, हा त्याचा मोठेपणा. पण तो ठोसा पहिल्या फेरीपासून तयार होत होता. तिन्ही पंचांनी कौल फ्रेझरला दिला.

कोणी म्हणेल, मग १९७३ साली किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा कसे पाडले? आक्षेप रास्त आहे. फोरमन दोन्ही हातांनी त्याला ढकलून अंतर राखी, आणि वाकून आत येणाऱ्या डोक्याला खालून ठोसा लगावी. प्रत्येक विद्येला तोड असते; पण तोड सापडली म्हणून विद्या नव्हतीच, असे ठरत नाही. आपल्या तालमीत धोबीपछाडलाही तोड आहे. म्हणून त्याला कोणी धसमुसळेपणा म्हणत नाही. कुस्तीतल्या डावांना आपण नावे दिली आहेत, म्हणून ते आपल्याला दिसतात. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकल्याची हकीकत आपणां सर्वांना ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असावीच. पण खाशाबांचे डाव कोणते, हे आपल्यापैकी किती जण सांगतील? गरिबाचे कष्ट आपण गहिवरून आठवतो आणि त्याचे कसब विसरतो.

या विषयाशी आमचा संबंध येथे आहे. किमान वेतनाच्या तक्त्यात 'कुशल', 'अर्धकुशल' आणि 'अकुशल' असे रकाने असतात. आपल्या कसमादे भागात उन्हाळ कांदा निघाला की बायका ढिगाशी बसतात. हात लागताच सडका, कोंब आलेला, दुभाळका कांदा वेगळा पडतो. हमाल गुडघ्यांतून जोर घेतो, मानेमागे गोणी तोलतो आणि हलत्या फळीवरून गाडीत चढतो. हे 'अकुशल' काय? १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला संरक्षण मिळाले, पण अंगमेहनत म्हणजे नुसते बळ, ही समजूत कायद्याने जात नाही. ज्याच्या कामाला नुसते बळ म्हटले त्याला मजुरी बळाचीच मिळते, आणि बळ ओसरले की घरी पाठविले जाते.

शेवटी मनीलाची एक गोष्ट सांगून संपवितो. १ ऑक्टोबर १९७५. चौदा फेऱ्या झाल्या होत्या. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, समोरून येणारे ठोसे दिसत नव्हते. तरी तो उठायला तयार होता. त्याचा गुरू एडी फच याने त्याला उठू दिले नाही आणि झुंज थांबविली. नुसती छाती पाहणाऱ्याने त्याला पंधराव्या फेरीत ढकलले असते. फचने पाहिले की या माणसाची विद्या डोळ्यांवर उभी आहे, आणि डोळे गेले तेव्हा उरते ते फक्त मार खाणे. कसब ओळखणाऱ्यालाच 'आता पुरे' असे म्हणता येते. आम्हांस वाटते, शिष्याचा याहून मोठा मान गुरू करू शकत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, जुनी चित्रफीत पाहा अथवा उद्या बाजार समितीच्या आवारात ओझे वाहणारा माणूस पाहा. नजर आधी त्याच्या पायांकडे जाऊ द्या.