हरभऱ्याच्या मुळातलं लोखंड



विट्याकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात.
आपण मात्र आज बोलू लोखंडाबद्दल.
सजीवांच्या पेशीतल्या लोखंडाबद्दल.

रानातला हरभरा अलगद उपटा.
मुळावर बारीक गाठी दिसतील.
एक गाठ नखानं फोडा.
आत गुलाबी रंग दिसेल.

या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात.
ते काम करणाऱ्या प्रथिनांत लोह आणि गंधक एकमेकांत गुंफलेले असतात.
लोह आणि गंधक. जोडी लक्षात ठेवा.

तिचं मुख्य काम काय?
इलेक्ट्रॉन घ्यायचा, पुढे द्यायचा.

१९६२ साली मातीतल्या एका जिवाणूत असंच एक प्रथिन सापडलं.
नाव ठेवलं फेरेडॉक्सिन.
त्याचे भाऊबंद हिरव्या पानात आहेत.
आपल्या शरीरातही आहेत!

यांची वर्गवारी मुख्यतः अणू मोजून होते.
पानातल्यात दोन लोह, दोन गंधक.
त्या जिवाणूतल्यात चार-चारांचे घोस.

ही जोडी फार जुनी.
पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, तेव्हापासूनची, असं शास्त्रज्ञ मानतात.
लोह आणि गंधक तेव्हा सहज मिळत.

नत्राच्या कामातली जोडी तर आजही ऑक्सिजन लागला की मोडते.
म्हणून गाठीत तो गुलाबी रंग.
आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचा तो नातेवाईक.
मोकळा ऑक्सिजन तो धरून ठेवतो.
लोह-गंधकाची जोडी शाबूत राहते.

गाठ आतून हिरवट-करडी निघाली, तर समजा,
तिथलं काम थांबलंय.