नाक्यावरच्या साक्षीदार

बाजारच्या दिवशी जकातनाक्यावर गाडी अडली, की जीव कसा कासावीस व्हायचा, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा मुलूख १९६७ च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात आहे. तिथल्या पॅलेस्टिनी माणसाला कामावर, दवाखान्यात जातानासुद्धा लष्करी नाका आडवा येतो.

२००१ साली काही इस्रायली बायकांनी ठरवलं, की आपल्या नावानं तिथं काय चालतं, ते आपणच जाऊन बघावं. संस्थेचं नाव ‘मख्सोम वॉच’. मख्सोम म्हणजे नाका. रामल्लाजवळचं कलंदिया, नाब्लुसजवळचं हुवारा, अशा ठिकाणी त्या उभ्या राहू लागल्या. त्यांत आजीच्या वयाच्याही पुष्कळ. रांग किती लांब, कोणाला परत धाडलं, शिपाई कसा बोलला, सारं टिपायचं अन् लोकांपुढं मांडायचं.

शिपाई म्हणे, घातपात होतात, झडती घ्यायलाच हवी. त्यांच्यापैकीच काहींना वाटे, आपल्यामुळं नाका जरा सौम्य होईल, पण उठणार थोडाच? प्रश्न खराच होता. तरी वही मिटली नाही.

गुरुजी, उद्या वर्गात मुलांना विचारा: आपल्याच माणसाची चूक दिसली, तर ती लिहून ठेवण्याचं धाडस कोण करील?